गौणवाक्यातल्या शक्यता आणि आमच्या मालतीबाई

चोपड्याच्या महाविद्यालयात इंग्रजीचा अध्यापक म्हणून मी रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी मालतीबाईंनी मला अडवले. मी फैजपूरचा, नवखा, इस्त्रीचा शर्ट घालून स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसलेला. बाई विभागप्रमुख होत्या. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत त्यांनी विचारले, "सर, 'इफ'नंतर 'विल' येत नाही असं आपण मुलांना शिकवतो. का येत नाही हो?"

"नियमच आहे तसा," मी म्हणालो.

"मग 'इफ यू विल वेट हिअर' असं लोक म्हणतात, ते चूक?"

माझी परीक्षा चालली आहे असे मला वाटले. बाई मात्र खरेच विचारत होत्या. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मला वाटतं, तिथलं 'विल' उद्याचं नाही, इच्छेचं आहे. 'थांबायची तयारी असेल तर' असं. पण अजून खात्री नाही. तुम्हाला काही सुचलं तर सांगा."

ज्येष्ठ प्राध्यापिका नवख्याला 'खात्री नाही' असे सांगतात, याचे मला त्या दिवशी फार नवल वाटले. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघत असताना सर्वांत आधी आठवले ते हेच.

मुख्य वाक्याच्या पोटात जे गौणवाक्य असते, त्यात शक्यता सांगणारे शब्द कसे वागतात, हा बाईंच्या आयुष्यभराच्या कुतूहलाचा विषय. 'मे', 'माइट', 'मस्ट' ही सहायक क्रियापदे आणि 'प्रॉबेब्ली', 'पर्हॅप्स' ही क्रियाविशेषणे. ऐकायला रुक्ष वाटते खरे, पण बाईंच्या वर्गात कधी रुक्ष वाटले नाही. त्या फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहीत. 'तो बहुधा आजारी आहे, म्हणून आला नाही.' 'तो बहुधा आजारी असला, तर येणार नाही.' मग विचारीत, "दुसरं वाक्य घशात का अडकतं?" मुले हसत, वाक्ये पुन्हा पुन्हा उच्चारून बघत. शेवटी कुणीतरी म्हणे, "बाई, 'तर' म्हटलं की आपण नुसतं धरून चालतो. तिथं अंदाज कशाला करायचा?" बाईंचा चेहरा उजळे. इंग्रजीतही 'बिकॉज'पाठोपाठ 'प्रॉबेब्ली' सुखाने येतो आणि 'इफ'पाठोपाठ अवघडतो, हे मग मुलांना वेगळे शिकवावे लागत नसे.

हे कुतूहल वर्गापुरते कधीच नव्हते. एकदा आम्ही धुळ्याच्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभे होतो. शेजारच्या आजींना बाईंनी अहिराणीत विचारले, "अक्का, गाडी येई का?"

"येई."

"नक्की येई, का तुमचा अंदाज?"

आजींनी बाईंकडे खालून वर पाहिले. "गाडी शे ती, माय. येई तवय येई!"

बाई इतक्या हसल्या की आजीही हसू लागल्या. गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "बघा, अहिराणीतलं ते 'येई' भविष्यही सांगतं आणि अंदाजही. ऐकणारा हवं ते घेतो." एखाद्याला ही हौस वाटेल. त्याच प्रवासात धुळ्याच्या रुग्णालयात मी जे पाहिले, त्यानंतर मला ती कधी नुसती हौस वाटली नाही.

आमच्या बी.ए.च्या वर्गात सुनीता नावाची विद्यार्थिनी होती, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. तिचे वडील खुमसिंगभाऊ यांच्या पावलाला शेतात कुदळ लागली होती. साखरेचा विकार असल्याने जखम चिघळत गेली आणि त्यांना धुळ्याला दाखल केले होते. आम्ही भेटायला पोचलो, तर सुनीताचा काका गोधडी आणि भांडी बांधत होता. खुमसिंगभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"पाय कापावा लागेल म्हणतात," सुनीता रडत म्हणाली. "काका म्हणतात, पायाशिवाय माणूस शेतात काय करेल? घरी नेऊ, जडीबुटी लावू."

डॉक्टर दक्षिणेकडचे, नवे आलेले. मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम. सुनीता इंग्रजी शिकते म्हटल्यावर ते तिच्याशी इंग्रजीतच बोलले होते.

बाई तिच्याजवळ बसल्या. "सुनीता, डोळे पूस. डॉक्टरांचं वाक्य आठव. 'विल' म्हणाले की 'माइट'?"

सुनीता थांबली. ओठ हलवत तिने वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हटले. "माइट, बाई."

"आणि पुढे काही अट होती? 'इफ', 'अनलेस'?"

"अनलेस होतं. 'अनलेस द इन्फेक्शन' असं काहीतरी."

"मग चल. पुन्हा विचारू. तूच विचारायचंस, मी शेजारी उभी राहीन."

डॉक्टर घाईत होते, पण प्रश्न ऐकून थांबले. नव्या औषधाला जखमेने दाद दिली, तर पाय वाचू शकतो. बोटे मात्र जाण्याची शक्यता आहे. आणि आज घरी नेले, तर पाय नक्की जाईल, जीवही जाऊ शकतो. सुनीताने प्रत्येक वाक्य काकाला मराठीत सांगितले. या वेळी प्रत्येक 'कदाचित' आणि प्रत्येक 'नक्की' आपापल्या जागी होता.

काकाने बाईंना विचारले, "मंग पाय वाची का, बाई?"

मला वाटले, बाई 'हो' म्हणतील. कुणीही म्हटले असते. बाई म्हणाल्या, "वाचेल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, भाऊ. वाचू शकतो म्हणाले. इथं राहिलात तर. मी त्याहून जास्त बोलले, तर ते खोटं होईल."

काकाने खाली बसून गोधडीची गाठ सोडली.

खुमसिंगभाऊंची दोन बोटे गेली, पाय वाचला. आज ते थोडे लंगडत शेतावर जातात. सुनीता आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते.

परतीच्या वाटेवर मी बाईंचे कौतुक करू लागलो, तर त्यांचे लक्षच नव्हते. "सुनीताला 'माइट' कळला होता," त्या म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाच्या तोंडून तो 'लागेल' होऊन बाहेर आला. भीतीनं शक्यता आधी गळते. आपण शिकवताना हे कधी ध्यानात घेतो का?" पुढच्या सत्रापासून त्यांनी मुलांना निरोप सांगण्याचा सराव सुरू केला. एकाने इंग्रजीत ऐकायचे, दुसऱ्याला मराठीत सांगायचे, आणि अंदाज कुणाचा, कितपत, हे हरवू द्यायचे नाही. त्या वर्गातून गेलेली आमची मुले आज दवाखान्यांत, बँकांत, कचेऱ्यांत आहेत.

निवृत्तीनंतर बाई धुळ्याला लेकीकडे राहतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, वाचन कमी झाले, म्हणून आता नातीकडून वाचून घेतात आणि मला फोन करतात. गेल्या आठवड्यात फोन आला, तो हालहवाल न विचारताच. "सर, 'इट इज ऑड दॅट ही शुड से सो'. त्यानं असं म्हणावं याचं नवल, एवढाच अर्थ. यातल्या 'शुड'मध्ये 'पाहिजे' कुठंच नाही. मग तो तिथं काय करतोय? याला वेळ लागणार बरं का."

लागू दे, बाई. भरपूर वेळ लागू दे. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, नजर निवळत जावो, आणि या 'शुड'चा उलगडा झाला की त्याच्यामागे लगेच दुसरा प्रश्न उभा राहो. आम्ही फोन उचलायला आहोत.