दादाची हाळी आणि जुनं कन्सोल

आम्ही बनवत असलेल्या व्हिडिओ गेममधला मेंढपाळ ज्या हाळीवर कळप वळवायचा, ती माझ्या थोरल्या भावाची. कवठे महांकाळच्या माळावर त्याच्यामागं उन्हात फिरून मी ती मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. बदल्यात दादाला एकच पाहिजे होतं. घरात टीव्हीखाली त्याचं जुनं, सेकंडहँड कन्सोल आहे, त्यावर हा गेम स्वतः खेळायचा. मी छातीठोक सांगितलं, "पहिला तूच खेळणार."

आणि कराडच्या ऑफिसात माझा भागीदार खुर्चीत रेलून म्हणतो, "जुन्या कन्सोलवर काढायचा नाही. फक्त नव्यावर."

माझं डोकंच सणकलं. "का म्हणून?"

"चालवून बघ की."

चालवला. सगळा कळप पडद्यावर आला की जुनं मशीन धापा टाकायचं, चित्र अडकायचं. मेंढरं कमी केली की सुरळीत. पण तसला कळप मी मागं दादाला दाखवला होता, तर तो फिदीफिदी हसला होता. "एवढ्यावर कुठं मेंढरांचा वाडा असतोय व्हय रं? बाजारात विकाय काढल्यागत दिसत्यात." ते मला असं झोंबलं, की ऑफिसात भांडून मी कळप भरगच्च करून घेतला.

भागीदारानं नेमकं तेच तोंडावर मारलं. "मोठा कळप पाहिजे म्हणून बोंब कुणी मारली? तूच ना? आता त्या मशीनसाठी सगळा गेम दुसऱ्यांदा बांधायचा, कन्सोलच्या कंपनीकडं तपासणीला धाडायचा, प्रत्येक दुरुस्तीला परत धाडायचा. आणि त्यावर नवा गेम विकत घेणारं राहिलंय कोण? मोठमोठ्यांनी ते मशीन सोडलं. आपण कोण लागून गेलो?"

सगळं खरं होतं, म्हणूनच त्याचं तोंड बघवेना. "हाळी घ्यायला दादा चालला," मी ओरडलो, "आणि आता त्याचं मशीन चालत नाही?"

"तुझ्या दादासाठी धंदा बुडवू का?"

रविवारी गावी जाऊन दादाला सांगितलं. तो मेंढरांना पाणी पाजत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "गरज सरली, वैद्य मेला. व्हय ना?"

"दादा, नवं कन्सोल घेऊन देतो की तुला."

"दान कराय लागलास व्हय?" आता मात्र तो वळला. "ज्या रानात आमाला बसाय जागा न्हाई, तिथं माझी हाळी कशाला? काढ त्यातनं. आजच्या आज काढ."

काढली. भागीदारानं शिव्या घातल्या, मीही घातल्या. गेम नव्या कन्सोलवर आला. मेंढरं आता कुठल्यातरी विकतच्या शिट्टीवर वळतात, आणि ती ऐकली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दादानं अजून माझा फोन उचललेला नाही.