गुरगुरणं बंद झालं

लोक मला विचारतात, तुम्ही कुत्र्यांना शिकवता म्हणजे नेमकं काय करता? खरं सांगायचं तर कुत्र्यांना शिकवायला फार वेळ लागत नाही. माझा जन्म चाललाय तो माणसांशी डोकं फोडण्यात. यवतमाळला हे काम सुरू केलं तेव्हा माझ्या आईनंच नातेवाइकांना 'ती जनावरांच्या दवाखान्यात असते' असं सांगून वेळ मारून नेली होती. आता मी 'कुत्रेवाली मॅडम' आहे. तो मी मानच समजते, दुसरं काय करणार?

दिग्रसच्या त्या घरचं बोलावणं कापसाच्या हंगामात आलं. घर एका व्यापाऱ्याचं. स्वतःची जिनिंग गिरणी, अंगणात दिवसभर माणसांची ये-जा. घरात व्यापारी, त्यांची बायको, मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू. कुत्रा नागपूरहून आणलेला अल्सेशियन, जिन्याखाली साखळीला बांधलेला. त्याला इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण त्याच्या कानावर दिवसभर 'हट'च पडायचं. तक्रार एकच होती. तो जेवत असताना नातू जवळ गेला की गुरगुरतो, ते बंद करून द्या.

मी समजावून सांगितलं की गुरगुरणं हा गुन्हा नाही. कुत्र्याकडे दुसरं बोलणं नाही. 'लांब राहा' एवढंच तो सांगतो, आणि सांगता येतं म्हणूनच चावत नाही. उपाय साधा होता. जेवण मागच्या अंगणात, फाटक लावून द्यायचं. पोराला तिकडे फिरकू द्यायचं नाही. मोठ्यांनी जाता-येता कुत्र्याच्या ताटलीत पोळीचा तुकडा टाकायचा, म्हणजे माणूस जवळ आला की घास वाढतो, कमी होत नाही, हे त्याच्या डोक्यात बसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा झाला, चिवडा झाला. निघताना व्यापारी म्हणाले, सगळं पटलं, पण एवढे लाड केले तर उद्या तो डोक्यावर मिरे वाटेल.

दुसऱ्या खेपेला गेले तर पालथ्या घड्यावर पाणी. ताटली जिन्याखालीच. पोरगं कुत्र्याच्या पाठीवर बसायला धडपडतंय आणि आजी कौतुकानं बघतेय. सांगितलेलं करत होती फक्त सून, तेही सासरे जिनिंगवर गेले की. स्वयंपाकघराच्या दारात ती मला हळू आवाजात म्हणाली, मला बघून तो आता शेपूट हलवतो. आणि गुरगुरायच्या आधी त्याचं खाणं थांबतं, अंग ताठ होतं, ते मला कळायला लागलंय. मी खूश झाले. हे दिसायला लोकांना महिने लागतात. व्यापाऱ्यांना म्हटलं, सूनबाई करतात तसं सगळ्यांनी करा. ते हसले आणि विषय कापसाच्या भावावर नेला.

नंतर त्यांनीच फोन करून बोलावलं. आवाजात आनंद मावत नव्हता. अंगणात दोन-तीन अडते बसलेले होते. व्यापाऱ्यांनी बाही सारली, कुत्रा खात असताना ताटलीत हात घातला आणि त्याच्या तोंडातली भाकर ओढून काढली. कुत्रा हूं की चूं करेना. ताठ उभा राहिला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. अडते वाहवा करायला लागले. मी विचारलं, हे कसं झालं? तर म्हणे गुरगुरला की नाकावर काठी, लातों के भूत बातों से नहीं मानते. नातू पायरीवर बसून सगळं बघत होता.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही त्याचा राग घालवला नाही, फक्त आवाज घालवला. आता हा न सांगता चावेल. पाहुण्यांपुढे असं बोललेलं त्यांना लागलं.

"तुमचं काम आमीच करून टाकलं," ते म्हणाले, "म्हनून तुमाले राग येऊन राह्यला."

मी चहा न घेता उठले. यवतमाळच्या एसटीत बसून रस्ताभर त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यानं काय होतंय? पुढे सुनेचे अधूनमधून फोन यायचे. पाहुणा आला की भाकर काढून दाखवायचा खेळ व्हायचा. मी तिला म्हणायचे, पोराला सांभाळ. ती म्हणायची, सांभाळतेय ताई, पण मी पोळ्या लाटू की पोराच्या मागं पळू?

एका दुपारी तिचा रडत फोन आला. आजोबा करतात तसंच नातवानं केलं होतं. ताटलीत हात घातला, आणि कुत्र्यानं तो धरला. सासू जखमेत तिखट भरायला निघाली होती. मी फोनवर ओरडले की तिखट नको, नळाखाली साबणानं धू, भरपूर धू, आणि लगेच दवाखान्यात ने. तिनं सासूच्या मांडीवरून लेकरू ओढून घेतलं आणि नेलं. इंजेक्शनं सुरू झाली. हात वाचला.

मग मला बोलावलं. मला वाटलं, आता तरी ऐकतील. कसचं काय! कुत्र्याजवळ जायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून मी त्याला टेम्पोत चढवून द्यायचं होतं. पुसदकडच्या घाटात, जंगलात सोडून यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, अहो, तो पिसाळलाय की नाही हे कळायला त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावं लागतं, तुमच्याच नातवासाठी. जंगलात काय सोडता? कुणी ऐकेना. शेवटी म्हटलं, मीच घेऊन जाते. भावकी जमली होती, प्रत्येक जण बोलत होता. बेइमान जात. खाल्ल्या घरचे वासे मोजले. आवाज नाही, काही नाही, सरळ चावला.

तेव्हा सून दारातून सासऱ्यांपुढे आली.

"त्यानं सांगतलं होतं, मामाजी," ती म्हणाली. "रोज सांगे. तुमी काठीनं त्याचं सांगनं बंद केलं. माह्या लेकराचा हात फाटला तो त्याच्यानं नाई, तुमच्यानं."

तिचा नवरा खाली बघत 'आत जा' म्हणाला. सासरे तिच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "कुत्रं तर सुदरवता आलं नाई तुमाले, मॅडम. सून मात्र बिघडवून ठेवली."

भावकी हसली. सून आत गेली. मी तिथं भांडायला हवं होतं, पण हातात साखळी होती आणि टेम्पोवाला घाई करत होता.

कुत्रा आता माझ्याकडे आहे. पिसाळलेला नव्हताच. अजून तो गुरगुरत नाही. मी ताटलीजवळून लांबूनच जाते, तुकडा टाकते आणि त्याच्या आवाजाची वाट बघते. सुनेचा फोन त्यानंतर कधी आला नाही, तिचा नंबरही लागत नाही. पोराची चौकशी करायला घरच्या नंबरावर फोन केला तर सासूनं उचलला. पोरगं मजेत आहे, म्हणाली. मी विचारलं, आणि सूनबाई?

"बरी हाये आता," ती म्हणाली. "काईच बोलत नाई."