चंद्रावरचा व्हॉल्व्ह

सिंगापुरात पासिर रिसहून ऑफिसला जाताना एमआरटी मेट्रोत ते काका रोज दिसायचे. मांडीवर टॅबलेट आणि त्यावर इंग्लंडात कधीकाळी स्वस्तात काढलेला एखादा कृष्णधवल अंतराळपट. एकदा रॉकेट उडताच ते "हाण तिच्यायला!" म्हणाले, आणि मराठी माणूस भेटला म्हणून मी शेजारी जाऊन बसलो.

"काका, रॉकेट टांगलेली दोरी दिसतेय," मी हसलो.

"दिसू दे. हे बघ."

रॉकेटमधला हिरो एक गोल चाक फिरवत होता. त्याच्याबरोबर काकांचंही मनगट वळलं.

"जहाजाचा स्टीम व्हॉल्व्ह आहे हा. सिनेमावाल्यांनी भंगारातून उचललेला. इंजिन रूममध्ये जन्मभर हेच फिरवलं मी. बायको विचारते, एवढं करून पोचलात कुठे?"

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. रॉकेट उतरलं होतं.

"चंद्रावर, म्हणावं."