रविवारचं वाक्य

आमच्या इमारतीत त्यांना सगळेच बाई म्हणतात. त्यांनी जन्मभर प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. वाराचं वाक्य लिहायचं तर आधी 'ऑन' हवा, वाराचं पहिलं अक्षर मोठं हवं, आणि तिसरी अट त्यांची स्वतःची: वाक्य खरं हवं. "ऑन मंडे आय गो टू द मून" असं लिहिणाऱ्याला व्याकरण बरोबर असूनही शून्य मिळायचं.

आता त्यांच्या दोन मुलांनी त्यांनाच वारांत वाटून घेतलंय. सोमवार ते बुधवार तिसऱ्या मजल्यावर थोरल्याकडे, गुरुवार ते शनिवार समोरच्या इमारतीत धाकट्याकडे. रविवारी दोन्ही साहेबांना बायकापोरांना घेऊन फिरायला जायचं असतं. मग बाई तळमजल्यावरच्या माझ्या शिवणाच्या दुकानात, पिशवी पायाशी ठेवून, दिवसभर काजं करत बसतात. त्यांच्यासाठीच मी रविवारी दुकान उघडते.

त्या बुधवारी संध्याकाळी बाई पिशवीसकट खाली आल्या. मागोमाग थोरल्याची मुलगी वही घेऊन आली. प्रत्येक वाराचं एक वाक्य, असा गृहपाठ होता. शेवटचं वाक्य तिने मोठ्याने वाचलं, "ऑन संडे, नोबडी टेक्स आजी."

माझा मशीनवरचा पाय थांबला. बाई चष्मा पुसत बसल्या.

त्यांची विसरलेली औषधं घेऊन थोरला दारात उभा होता. "हे काय लिहिलंयस? शाळेत अब्रू घालवायचीय का? खोड आधी! लिही, ऑन संडे, वी टेक आजी टू द गार्डन."

"पण आपण कुठे नेतो, बाबा?"

"लिही म्हटलं ना!"

शाळेत अब्रू जाणार होती म्हणे. माझ्यासमोर जात नव्हती, मी काय भिंत होते! बाई आता पोराच्या तोंडावर शून्य देतील, म्हणून मी वाटच बघत होते. पोरीने खोडून बाबाचं वाक्य लिहिलं. बाईंनी वही घेतली, घाईत छोटं पडलेलं संडेचं अक्षर मोठं केलं आणि वही परत दिली.

"बरोबर आहे."

"पण आजी, खरं नाहीये ते."

"बरोबर आहे ना बाळा, मग झालं."

थोरला औषधं टेबलावर ठेवून निघून गेला.

रविवारी बाई नेहमीसारख्या आल्या, स्टुलावर बसल्या, सुई मागितली. मला राहवेना. "बाई, बुधवारी त्याला शून्य का नाही दिलंत?"

दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "दिलं असतं, तर त्याने सोमवारीसुद्धा दार उघडलं नसतं, गं."