पऱ्हाट्यांखालची होडी

आमच्या गावात लग्नं जमायची ती दुष्काळात. बाहेरच्या माणसांना हे खोटं वाटतं, पण माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, निम्म्या जणांच्या बायका कोरड्या सालात आलेल्या आहेत. माझीसुद्धा.

त्याला कारण पाणी. मांजरेवर धरण झालं तेव्हा खालचं गाव उठून नव्या गावठाणात गेलं आणि आम्ही वरच्या आळीची माणसं टेकावरच राहिलो. पाऊस बरा झाला की टेकाच्या चारी बाजूंनी पाणी. युसूफवडगावच्या बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला, कुठंही जायचं तर आधी होडी आणि मग पलीकडच्या काठावरून एसटी. होडी गावात एकच होती, दूध संस्थेची. मी संस्थेत दूध मोजायला होतो आणि माझा आवाज मोठा होता, त्यामुळं होडीची बारी लावायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. होडी वल्हवायला माझा लहानपणचा दोस्त होता. त्याचा आवाज माझ्याहून मोठा, पण तो फक्त मला चिडवायला वापरायचा.

शहरातली माणसं ट्रॅफिकचं रडगाणं गातात तेव्हा मला आमचा सकाळचा काठ आठवतो. दुधाचे कॅन, पोरांची दप्तरं, बाजाराला निघालेल्या बकऱ्या, लेकीकडं निघालेल्या म्हाताऱ्या, आणि जायला वल्ह्यांची एक जोडी. आधी दूध, कारण पलीकडचा टेम्पो कुणाच्या बापासाठी थांबत नसे. मग आजारी माणूस, मग शाळा, मग बाकीचे, असा नियम मी घालून दिला होता. उभं राहून कंटाळा आला की माणूस आपली चप्पल रांगेत ठेवून चहाला जायचा. त्यामुळं काठावर माणसं कमी आणि चपला जास्त.

"ही चप्पल कुणाची?" मी ओरडायचो.

"माझी हाय."

"आन् दुसरी?"

"ती भावाची जागा धरलीय."

"भाऊ एका पायानं चालतो का? उचल ती!"

"पर त्या बकरीला कावून पुढं घेतलं?" लगेच मागून कुणीतरी. "तिला काय परीक्षा द्यायचीय का बे?"

एवढं करून पलीकडं पोचावं, तर साखर कारखान्याचा हंगाम असला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची ही लांब रांग, आणि तिच्या शेपटाला आमची एसटी. पाणी ओलांडलं तरी रस्ता ओलांडायचा राहायचाच. खरं सांगतो, मला हे सगळं आवडायचं. दिवसाची सुरुवात भांडणानं झाली की दिवस बरा जायचा.

पोरींच्या बापांना मात्र ते आवडत नसे. पाहुणे पलीकडच्या काठापर्यंत यायचे, पाणी बघायचे, होडी बघायची, टपरीवर चहा प्यायचे आणि तिथूनच माघारी वळायचे. एकानं तर माझ्या मामाला तोंडावर सांगितलं, "विहिरीत ढकललेली पोरगी दोर टाकून काढता तरी येती. हितं दोर कुटं टाकायचा?" मामा तो निरोप घेऊन आला त्या वर्षी मला एकतिसावं सरत आलं होतं. माझ्या मायनं मारुतीला नवस बोलून झाले होते आणि आता ती मारुतीशी भांडायला लागली होती.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. म्हशी चारा छावणीला गेल्या, संस्थेचं दूध आटलं, ते दिवस वाईटच होते. पण पहिल्याच सालात पाणी मागं मागं सरकत गेलं आणि एक दिवस जुना डांबरी रस्ता वर आला. गाळानं माखलेला, पण शाबूत. सगळ्या गावानं टिकाव-फावडी घेऊन तो खरवडून काढला आणि आम्ही डेपोत अर्ज दिला. पंधरा दिवसांत एसटी सुरू झाली. संध्याकाळची गाडी तर मुक्कामी. ड्रायव्हर-कंडक्टर संस्थेच्या खोलीत झोपायचे आणि गावात पाळीपाळीनं जेवायचे. ज्या घराची पाळी असेल तिथं त्या दिवशी पिठलं नाही, वांग्याची भाजी. पारावर बसून आपल्या गावात एसटीचा हॉर्न ऐकायचा, याचं सुख ज्याच्या गावात रोज गाडी येते त्याला कळायचं नाही.

मायनं लगेच मामाला बोलावून घेतलं. "आता समद्यांना सांग, बस दारात येती म्हणून."

"आन् पाणी आल्यावर?"

"ते आल्यावर बघू. तू काय इंद्राचा सालगडी हायस का?"

अशानं चौसाळ्याकडच्या एका वाडीतलं स्थळ ठरायच्या बेतात आलं आणि पाहुण्यांचा घर बघायला यायचा दिवस ठरला. अडचण एकच होती. पाणी हटल्यापासून संस्थेची होडी आमच्याच परसात ठेवलेली होती. कडब्याखाली झाकावी तर दुष्काळात कडबा कुठला? शेवटी माय आणि मी दोघांनी मिळून तिच्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या, चांगला छपराएवढा ढीग. "कुणी विचारलं तर सरपण हाय म्हणायचं," मायनं बजावलं.

पाहुणे बसनं आले. पोरीनं स्वतः घर बघायला यायची तेव्हा रीत नव्हती, पण तिच्या बापानं आणली होती. नांदायचं तिला आहे, तर तिनंच बघावं, असं त्याचं म्हणणं. ती फार बोलली नाही. तांब्याभर पाणी मागून घेतलं, सगळं प्याली आणि मायला विचारलं, "मावशी, हे पाणी कुटलं?"

"हापशाचं."

"उन्हाळ्यात आटत न्हाई का?"

"छे! कदीच न्हाई," माय तोऱ्यात म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

त्यांना बसपर्यंत सोडायला मी गेलो. सांगून टाकावं असं मनात फार होतं, की बाई, हा रस्ता पाण्याखालचा आहे, पाऊस झाला की जाईल. तोंड उघडलं आणि नेमका ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मला बरंच वाटलं, हे लपवत नाही. आठवड्याभरात होकार आला, वऱ्हाड एसटीनंच आलं आणि माझं लग्न झालं.

मग मी रोज ठरवायचो, उद्या सांगतो. ती हसतमुख होती, कामाला वाघ होती, मायशी तिचं जमलं होतं; एवढं चांगलं चाललेलं आपल्या तोंडानं का बिघडवा? मायची तिच्याबद्दल एकच तक्रार. "सून गुणाची हाय, पर थोडी अर्धवट दिसती. भांड्याचं धुणवणी घेऊन जाती आन् सरपणावर वतती. विचारलं तर म्हणती, इंचू पळत्यात." मी म्हटलं, वतू दे. माझ्या पोटात पाप होतं, त्या ढिगाचा विषयच मला नको होता.

त्या वर्षी परतीचा पाऊस धो धो झाला. वरच्या अंगाला नद्या भरून वाहिल्या आणि धरणात पाणी चढायला लागलं. म्हशी घरी आल्या होत्या, संस्थेत पुन्हा कॅन भरायला लागले होते, माणसं एकमेकांना साखर वाटत होती. अख्ख्या बीड जिल्ह्यात पाण्याला भ्यालेला माणूस एकच असेल, तो मी. पहाटे उठून रस्त्यावरच्या नळकांडी पुलापर्यंत जायचो आणि पाणी कुठवर आलं ते बघायचो. एकदा दोस्तानं गाठलं.

"बोलला का बे तिला?"

"न्हाई."

"मग बोल. न्हाईतर पाणीच बोलंल."

दोन दिवसांनी पाणीच बोललं. सकाळी मुक्कामी गाडी जी गेली ती परत आली नाही. पुलावर कमरेएवढं पाणी होतं. संस्थेत दूध येऊन पडलं होतं आणि न्यायला रस्ता नव्हता. दोस्त आणि मी परसात गेलो.

"दोन वर्सं कोरडी पडलीय," तो म्हणाला. "फळ्या सुटल्या असत्याल. आठ दिस पाण्यात बुडवून ठेवावी लागंल, तवा कुटं लाकूड फुगंल." आठ दिवसांत आधीच कशीबशी उभी राहिलेली संस्था पुन्हा आडवी झाली असती. आम्ही पऱ्हाट्या उचलायला लागलो.

खाली ओली गोणपाटं निघाली. होडीच्या अंगावर एकाला एक लावून नीट पसरलेली. दोस्तानं एक बाजूला केलं आणि फळीवरून हात फिरवला. काळीभोर, घट्ट, कुठं नख जाईल एवढीसुद्धा फट नाही.

"हे कुणी केलं बे?"

मागच्या दारात ती उभी होती, रोजच्यासारखी धुणवण्याची घागर कमरेवर घेऊन. आम्हाला बघून थबकली, मग घागर खाली ठेवली.

"आमच्या बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात वाळली की लोखंडी धाव निसटायची," ती म्हणाली. "मग वली गोणपाटं टाकून ठेवायचो. म्हणलं, लाकूड ते लाकूडच की."

"तुला कधीपासून माहीत हाय?" मी विचारलं. माझा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"लग्नाच्या तिसऱ्या दिशी. चुलीला काटक्या वडाया गेले तर हातात वल्हं आलं."

होडी सरपणाखाली लपवायची आणि चुलीपुढं सून आणायची, एवढी अक्कल आम्हा मायलेकरांनीच चालवावी. आतून माय उगाचच खोकली.

"मग बोलली का न्हाईस?"

"आत्याबाईंनी एवढ्या कष्टानं झाकलं होतं, ते उघडं पाडायचं बरं दिसतं का? एकाच अंगानं सरपण काढत गेले, ढीग ढळू नये म्हणून." मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "आन् मला त्याच्या आधीच कळलं होतं. घर बघाया आलो तवा बसमधून ती खालची पडकी चावडी दिसली. भिंतीवर गाळाची रेघ, पार खिडकीच्या वर. तितंच आबाला म्हणलं, ह्या गावाला द्या मला. सातवीपासून टँकरची बारी धरलीय मी. कुणाला रस्ता पायजे होता?"

ज्याला ऐब समजून आम्ही पऱ्हाट्यांखाली घातलं, त्याच्यासाठीच ती आली होती. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. दोस्त मात्र वल्हं शोधायच्या निमित्तानं पलीकडं तोंड करून हसत होता.

चौघांनी उचलून होडी पाण्यात लोटली. पेलाभर पाणी आत आलं, तेवढंच. आणि दोन वर्षं बसच्या गादीवर बसून सोकावलेलं गाव घटकाभरात जिथल्या तिथं आलं. कॅन आले, दप्तरं आली, बकऱ्या आल्या, चपलांची रांग लागली, आणि कुणीतरी भावाची जागा धरली म्हणून मी घसा फोडून ओरडलो. तिनंही येऊन आपली चप्पल सगळ्यात शेवटी ठेवली.

"वैनी, तुमची बारी पयली," दोस्त होडीतून म्हणाला. यावर काठावर एकानंही भांडण काढलं नाही. हे आमच्या गावात आधी कधी झालं नव्हतं.

ती कॅनांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसली. काठ मागं पडला तसा तिनं हळूच हात पाण्यात सोडला आणि मनगटापर्यंत बुडवून ठेवला. मी जवळ सरकून म्हटलं, "मी सांगणारच होतो तुला."

"कवा?"

"उद्या."

ती हसली आणि ओंजळभर पाणी घेऊन तिनं माझ्या तोंडावर उडवलं. जन्मात पहिल्यांदाच तिनं पाणी असं वाया घालवलं होतं, हे तिनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.