वेल्डाने सांगितलेला रस्ता

वेल्डा रासमुसेनने वाळवंटात एक पुरुष ठेवला आहे, ही बातमी थॉर्पव्हिलमध्ये पहिल्यांदा कोणी आणली हे विचारायची सोय नाही, कारण ती सगळ्यांनीच आणली. पुरावा भक्कम होता. विधवा बाई, सत्तरी उलटलेली, दर ईस्टरला पिकअपमागे झोपायचा ट्रेलर जोडून एकटीच कपारींकडे निघते आणि ट्रेलरमध्ये घड्या घातलेल्या खुर्च्या मात्र दोन! आता दुसरी खुर्ची कोणासाठी? चर्चच्या मागच्या बाकावर या प्रश्नावर जेवढा विचार झाला, तेवढा प्रवचनावर कधी झाला नसेल.

खरी गोष्ट अशी, की दुसऱ्या खुर्चीत वेल्डाचे पाय बसतात. आणि पुरुष म्हणाल तर तिकडे एक सोडून चांगले डझनभर आहेत, पण ते कातळावर गेरूने रंगवलेले, हात ना पाय, नुसते उभे, लांबट, मोठाल्या डोळ्यांचे. हजारो वर्षं एका जागी उभे आहेत आणि एकाही शब्दाने बोलत नाहीत. वेल्डा म्हणते, माझ्या माहितीतले पुरुष असे असते तर मी एकावर थांबले नसते.

ईस्टरला वाळवंटात मुक्कामाला जायचं, ही थॉर्पव्हिलची रीतच. जमीन सरकारची, म्हणजे सगळ्यांची. वाटेल तिथे तंबू ठोका, चूल मांडा, उकडलेली, रंगवलेली अंडी शर्यतीला उतारावरून सोडा. ज्याची त्याची जागा ठरलेली, आणि दुसऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात गाडी लावायची नाही एवढी रीत पाळायची. वेल्डाची जागा चित्रांपासून बरीच अलीकडे, वळणाच्या आड. धूर कातळाला लागू नये म्हणून. सकाळी ऊन चित्रांवर आलं की ती चालत जाते, लांबूनच "उठलात का?" म्हणून विचारते आणि परत येऊन बटाटे चिरायला घेते.

यंदा मात्र तिच्या या सगळ्या सुखावर गदा आली. गेल्या शरद ऋतूत ती चित्रांकडे एक जादा फेरी मारून आली, तेव्हा उतारावर तिचा पाय मुरगळला. सुजलेला पाय बाजूला ठेवून एकाच पायाने गाडी चालवत ती घरी आली आणि त्याचा तिला इतका अभिमान वाटला, की तिने आपणहून मुलाला फोन करून सांगितलं. ही तिची चूक. ब्रेंट दूर प्रोव्हो शहरात राहतो आणि काळजी करायला लागला की फार मोठ्याने करतो.

"आई, झालं तेवढं बस. ईस्टरला कोणी सोबत असेल तर जा. नाहीतर सोमवारी मी येतो आणि ट्रेलर घेऊन जातो. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"गिऱ्हाईकाला सांग, त्यात उंदीर आहेत."

"आहेत?"

"सोडते ना!"

पण ब्रेंट हटला नाही, आणि त्याचं खरं करायची धमक त्याच्यात आहे हे ती जाणून होती. ट्रेलर गेला तर तिने जमिनीवर झोपायचं म्हणजे गुडघ्यांनी साफ नकार दिला असता. म्हणजे कपारी संपल्या, ईस्टर संपला. मग सोबतीण शोधणं आलं. पेट्रोल पंपवाल्या डेलॉयची बायको मर्लीन तयार होती, पण ती घोरते. तंबूत घोरली तर पलीकडच्या खोऱ्यातली गुरं उठून चालू लागतात. नणंद रेडिओशिवाय झोपत नाही. आणखी एकीने विचारलं, फोटो नीट यावा म्हणून चित्रांवर पाणी मारलं तर चालेल का? तिला वेल्डाने हातातला केक अर्धा ठेवूनच दाराबाहेर काढलं.

शेवटी ब्रेंटनेच एक बाई मिळवली. त्याच्या बायकोच्या ओळखीतली, नेवाडाची, इलोना प्रुइट. निवृत्त नर्स, फिरायची आवड. शुक्रवारी येणार. वेल्डाने मनात तिचं चित्र रंगवून टाकलं: पांढरे केस, पांढरी मोटार, पांढरे बूट. तोंड वाकडं करून का होईना, ती सामान भरायला लागली.

गुरुवारी दुपारी ती पंपावर बर्फ घ्यायला गेली, तर तिथे एक हिरवी, ठिकठिकाणी चेपलेली व्हॅन उभी. तिच्यातून जांभळ्या केसांची एक बाई उतरली, हातात कॉफीचा बादलीएवढा पेला. थॉर्पव्हिलमध्ये कॉफी कोणी पीत नाही. गावच्या पंथात ती वर्ज्य, देवाला आवडत नाही. त्यामुळे माणूस बाहेरचा आहे हे पेल्यावरूनच कळतं.

"इथे जवळपास ती जुनी चित्रं आहेत म्हणे कातळावर," बाई म्हणाली. "रस्ता सांगाल का?"

डेलॉयने गल्ल्यामागून वेल्डाकडे पाहिलं. वेल्डाने डेलॉयकडे पाहिलं.

आता हे सांगायला हवं. पूर्वी कधीतरी एका परक्याने त्या उभ्या आकृत्यांच्या छातीवर आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव कोरलं. तेव्हापासून गाव परक्याला चित्रांची वाट सांगत नाही. पण तोंडावर नाही म्हणायचं हेही गावाच्या रक्तात नाही. फार सभ्य माणसं. म्हणून सगळे जण वाट सांगतात, अगदी प्रेमाने सांगतात, आणि ती पार्लीच्या तळ्याकडे जाते. तळं आटून जमाना झाला. तिथे झाऊची झुडपं, गोळ्या झाडून चाळण केलेला एक फ्रिज आणि धूळ. या कलेत वेल्डाचा हात धरणारं कोणी नाही.

"फाटक लागेल," वेल्डा म्हणाली, "ते उघडलंत की मागे लावून घ्या हं. मग डावीकडची वाट धरा. एक फ्रिज दिसेल, घाबरू नका. तिथून पुढे पायी. आणि पाणी न्या बरोबर, ऊन फार."

"किती छान समजावून सांगता तुम्ही!" बाई म्हणाली आणि गेली.

"पाणी न्या, म्हणे," डेलॉय म्हणाला. "अगं, तुला नरकात जागा राखून ठेवलीय."

"तुझ्या शेजारची नसली म्हणजे झालं."

संध्याकाळी, ऊन अजून अंगणात असताना, ब्रेंटचा फोन आला. "पोचली का गं इलोना? एक दिवस आधीच निघाली. म्हणाली, लवकर जाऊन कुणाला त्रास नको, आधी चित्रं बघून येते. हिरवी व्हॅन आहे तिची."

वेल्डाला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्च्या ट्रेलरमध्ये गेल्या होत्या.

"आई? आलीय ना ती? नसेल तर मी सोमवारी..."

"इथेच आहे रे, जवळपास," असं म्हणून तिने फोन ठेवला.

तळ्याकडे फोन लागत नाही. वेल्डाने चुलीवरचं पीचच्या कॉबलरचं, म्हणजे वर पिठाचा थर देऊन भाजलेल्या गोड फळांचं, बिडाचं भांडं झाकणासकट उचललं, शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टाही बांधला आणि निघाली. ट्रेलर सोडवत बसायला वेळ नव्हता. तो मागून खडखडत आला. क्षमा मागायला बाई घरदार घेऊन निघाली, असं नंतर मर्लीनने सगळ्यांना सांगितलं. वाटभर वेल्डा वाक्यं जुळवत होती. बाई रागाने नेवाडाला परत गेली असेल तर ट्रेलर गेलाच. आणि गेली नसेल तर ती ब्रेंटला सांगेल, तरीही गेलाच.

फ्रिजपाशी हिरवी व्हॅन उभी होती. पलीकडे झाऊच्या दाटीतून हाक आली.

"याल का इकडे? सापडली!"

वेल्डा झुडपांतून ओरबाडे घेत आत शिरली. आत घराएवढा एक धोंडा होता, आणि त्याच्या पाठीकडच्या, काळवंडलेल्या अंगावर कोरलेले वळलेल्या शिंगांचे रानमेंढे एका ओळीत चालले होते. त्यांच्यामागे हात उंचावून ओरडणारा एक माणूस. आणि ओळीतला एकच मेंढा तोंड फिरवून उलटा निघालेला.

वेल्डा पाहतच राहिली. थॉर्पव्हिलने आजवर किती जणांना इथे पाठवलं असेल, देव जाणे. पण थॉर्पव्हिलचं एक माणूस कधी इथे बघायला आलं नव्हतं. येणार कशाला? इथे काही नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हा उलटा चाललाय तो डेलॉय," ती शेवटी म्हणाली, आणि मग तिला इतकं हसू आलं की तिने झाऊच्या फांदीला धरलं.

इलोनाही हसत होती. "तुम्ही वेल्डा ना? ट्रेलरच्या खडखडाटावरूनच ओळखलं. सांगितलंत तस्सं मिळालं सगळं."

कॉबलर अजून गरम होता. दोघी ट्रेलरच्या पायरीवर बसून भांड्यातूनच खायला लागल्या. तिसऱ्या चमच्याला वेल्डाला राहवलं नाही.

"मी तुम्हाला मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं."

"माहितीये की. त्या फ्रिजपाशीच कळलं."

"मग परत का नाही फिरलात?"

"अहो, आमच्या गावात जुनी खाण आहे. आम्ही सगळ्यांना तिकडे पाठवतो." इलोनाने चमचा चाटला आणि विचारात पडली. "घरी गेल्यावर एकदा जाऊन बघायला हवं तिथे."

दुसऱ्या दिवशी वेल्डाने तिला खऱ्या वाटेने खऱ्या चित्रांकडे नेलं. इलोना लांबच उभी राहिली आणि कशाला हात लावला नाही. वेल्डाच्या परीक्षेत एवढ्यावरच पास. ती घोरतही नव्हती. रविवारी दोघींनी रंगवलेली अंडी उतारावरून सोडली आणि कोणाचं पुढे गेलं यावरून लहान मुलींसारख्या भांडल्या. पाय यंदा इलोनाचा मुरगळला, जरासाच. वेल्डाने तो बर्फात बांधून ठेवला आणि तिला दिवसभर हुकूम सोडले.

सोमवारी ब्रेंट आला तो ट्रेलर जोडायची दांडी घेऊनच. इलोनाने त्याला स्वतः सगळं सांगितलं, फ्रिजसकट. तो आईकडे बघायला लागला.

"आणि तरीही तुम्ही पुन्हा हिच्याबरोबर जाणार?" त्याने इलोनाला विचारलं.

"सप्टेंबरमध्ये. ठरलंय आमचं. आणि खाण बघायला ती माझ्याकडे येतेय, ट्रेलर घेऊन."

ब्रेंट थोडा वेळ दांडी हातात फिरवत राहिला. मग त्याने ती गाडीत ठेवली, उरलेला कॉबलर मागून घेतला आणि प्रोव्होला गेला.

धोंड्याची बातमी अर्थातच गावभर झाली. सरकारी कचेरीतला माणूस येऊन, गुडघ्यांवर बसून फोटो काढून गेला आणि तळ्याकडे आता कोणाला पाठवू नका, असं हात जोडून सांगून गेला. त्याच आठवड्यात वेल्डा पंपावर गेली, तेव्हा डेलॉय तिची वाटच बघत होता. दुकानात चार माणसं होती, म्हणून त्याने आवाजही चढवला.

"काय वेल्डा, तळं तर हातचं गेलं. आता जुन्यापुराण्या वस्तू बघायला लोक आले, तर त्यांना पाठवायचं कुठे?"

वेल्डाने बर्फाची पिशवी काखोटीला मारली.

"तुझ्या ओसरीवर," ती म्हणाली. "फक्त सांगून ठेवीन, की हात लावू नका."