रुळाला गेलेली जोडी

धर्मापुरीच्या आश्रुबाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नसे. हे त्याला तोंडावर सांगायची हिंमत फक्त बायनाबाईत होती, कारण ती त्याची बायको होती. बाकी गाव त्याला भला माणूस म्हणायचं. आता भला म्हणजे, होताच की! कुणाच्या बांधावरची काडी उचलायचा नाही, मयतीला सगळ्यांच्या आधी हजर, देवाच्या कामाला कधी नाही म्हणायचा नाही. पण शेजाऱ्याच्या म्हशीला पारडी झाली की याला जेवण गोड लागायचं नाही. बायनाबाई म्हणायची, "तुमच्या पोटात जी आग हाय ना, तिच्यावर भाकरी भाजली तर माजं सरपन वाचंल."

अशा माणसाला देवानं दोन गोष्टी मात्र दिल खोलून दिल्या होत्या. एक म्हणजे गुलब्या आणि सुभान्या ही लाल कंधारी बैलजोडी. उंच वशिंड, आखूड शिंगं, अंगावर माशी बसली तर घसरावी अशी कातडी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पोळ्याचा मान. फार पूर्वी पाटलाच्या घरचे बैल लाळ-खुरकतानं मेले, त्या साली आश्रुबाच्या आज्याची जोडी तोरणाखालून पहिली गेली, आणि तेव्हापासून तो मान त्याच घरात राहिला. वेशीवरचं आंब्याच्या पानांचं तोरण आश्रुबाच्या बैलांनी आधी ओलांडायचं, मग पाटलाच्या, मग गावाच्या. वर्षातून एकदा सारं गाव त्याच्या पाठीमागून चालायचं, आणि त्या एका दिवसाच्या जिवावर तो बाकीचं वर्ष काढायचा.

त्याच्या रानाला लागून आसारामचं रान होतं. आसाराम वयानं बराच लहान, साधा गडी, हसायला लागला की खोकला येईपर्यंत हसायचा. त्याचीही जोडी होती, हरण्या आणि चांद्या. बरी होती. आश्रुबाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "नुसती बरी." पण बांधावर उभा राहून रोज तिच्याकडं बघायचा कशाला, हे कुणी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात विलायतेची क्रिकेटची टीम हिंदुस्थानात आली होती. धर्मापुरीला ही खबर चन्नप्पा दुकानदारानं आणली. चन्नप्पा परळीहून माल आणताना एखादं वर्तमानपत्र घेऊन यायचा आणि गुळाच्या ढेपेला टेकून मोठ्यानं वाचायचा. मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासेत हिंदुस्थानच्या टीमशी गोऱ्यांचे मोठे सामने. मधल्या दिवसांत ठिकठिकाणी धाकटे सामने. त्यातला एक आपल्या निजामाच्या मुलखात, सिकंदराबादेला. आश्रुबा तिथं रोज बसायचा, सुपारी कातरत ऐकायचा.

"फळीनं चेंडू हाणायला समुद्र वलांडून आले? घरी कामधंदा न्हाई व्हय त्यांना?" तो म्हणायचा, आणि दुकानात बसलेले हसायचे.

संक्रांतीच्या अलीकडं एका सकाळी जहागिरदाराचा जमादार घोड्यावरून गावात आला. पाटलाच्या ओट्यावर टेकत म्हणाला, "सरकारी काम है. एक उमदा जोडी चाहिए, महिनेभर के वास्ते."

झालं! सरकारी काम म्हणजे वेठ. वेठीला गेलेला बैल परत आला तर हाडाचा सापळा होऊन यायचा, नाही तर यायचाच नाही. हे काय कुणी शिकवायला पाहिजे होतं? जमादाराचं पाणी पिऊन होईतो गावातले गोठे रिकामे झाले. कुणी बैल ओढ्यात घातले, कुणी देवळामागं. आश्रुबानं आणि बायनाबाईनं गुलब्या-सुभान्याला तुरीच्या दाट पाट्यात नेऊन बांधलं आणि गोठ्यात एक म्हातारा लंगडा बैल उभा करून ठेवला.

आसारामला काहीच पत्ता नव्हता. तो कडब्याची गाडी घेऊन गाणं म्हणत वेशीतून आत आला तो थेट जमादाराच्या पुढ्यात.

जमादारानं जोडी बघितली. मग पाटलाकडं बघून म्हणाला, "इससे अच्छी नहीं?"

पाटील घुटमळला. गावातली सगळ्यात चांगली जोडी कुणाची, हे त्याला ठाऊक होतं. तो तोंड उघडायच्या आत, तुरीतून परत येऊन गर्दीत उभा राहिलेला आश्रुबा पुढं झाला. "जमादारसाब, ह्येच्याहून नामी जोडी साऱ्या मुलखात घावायची न्हाई. खांदा बगा, खूर बगा. अन् गरीब किती! लेकरानं हाकावी."

आसारामचा चेहरा पांढराफटक पडला. तो आश्रुबाकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी बैल घेऊन परळीच्या ठेसनाकडं निघाला तेव्हा त्याची बायको सुंदरबाई बैलांच्या गळ्यात पडून रडली. आश्रुबा त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेला. "देव राखील रे," म्हणाला. घरी आल्यावर त्यानं दीड भाकर जास्त खाल्ली. बायनाबाईनं वाढली, पण त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही.

महिना झाला, वर काही दिवस झाले, आणि आसाराम आला.

कसा आला म्हणून सांगू! डोक्याला नवा जरीकाठी फेटा. हरण्या-चांद्याच्या पाठीवर मखमलीच्या लाल झुली. बैल असे तुकतुकीत, की चन्नप्पा दुकान उघडं टाकून रस्त्यावर आला. पोरंसोरं, बायाबापड्या, सगळं गाव लोटलं. आसाराम गर्दीतून वाट काढत सरळ आश्रुबापुढं आला, त्यानं वाकून पाय धरले आणि म्हणाला, "दादा, तुमचे उपकार मी इसरायचो न्हाई."

आश्रुबाला झोंबलं. चारचौघांत टोमणा हाणतोय बेणं! त्यानं पाय मागं घेतले.

मग पारावर कहाणी सुरू झाली. जोडी वेठीला नव्हतीच नेली. सिकंदराबादच्या ज्या मैदानावर विलायतेची टीम खेळायची होती तिथं जमीन दाबून सपाट करायचा भला थोरला रूळ होता, आणि तो ओढायला आपल्या जहागिरीतली देखणी जोडी असावी अशी जहागिरदारांची हौस होती. रोज रूळ फिरवायचा, दुपारी झाडाखाली बसायचं. बैलांना भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वर गूळ. मैदानात खुरांचे वण उमटू नयेत म्हणून चारी पायांत चामड्याचे जोडे.

"बैलाला जोडे?" पाटील म्हणाला.

"आईशप्पत! माज्या पायात न्हाईत, हरण्याच्या पायात व्हते."

लोक खदाखदा हसले. आश्रुबा म्हणाला, "अन् मदीच बैलानं शेण टाकलं मंजी?"

"टोपलं घेऊन मी मागंच की. खाली पडूच द्यायचं न्हाई."

"मंजी शेनाचं टोपलं धराया गेलतास व्हय बे!" आश्रुबानं डाव टाकला. पुन्हा हशा झाला, पण सगळ्यात मोठ्यानं हसला तो आसारामच. "व्हय दादा! पण कसल्या मैदानावर!"

असल्या माणसाचं काय करावं? चिडेल तर शपथ.

"बरं, जिंकलं कोन?" आश्रुबानं आवाज चढवून विचारलं.

आसारामनं डोकं खाजवलं. "त्ये काय मला उमगलं न्हाई बुवा. एक जन फेकतो, एक हाणतो, बाकीचे उनात हुबे. पन एक डाव सरला की आमाला बोलवत. आमी रूळ घेऊन मैदानात निघालो की समदी पब्लिक टाळ्या वाजवायची. एकदा तर विलायतेच्या टीममदला एक गोरा, ताडमाड उंच, चालत आला अन् हरण्याच्या पाठीवर हात फिरवून गेला. काय तरी बोललाबी. हरण्यानं कान हलवले."

 आश्रुबा उठून घरी आला आणि गोठ्यात गेला. गुलब्या रवंथ करत उभा होता. केवढं ते वशिंड! हरण्याच्या दीडपट. गोऱ्याच्या हाताखाली ही पाठ असायला पाहिजे होती. जमादार विचारत होता, याच्याहून चांगली नाही का, तर होती की रे! पन्नास पावलांवर तुरीत उभी होती, तिच्या तोंडाला फडकं बांधून, हंबरू नये म्हणून. आणि ते फडकं बांधलं कुणी? त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. आसारामला तर त्याहून जोरात मारावीशी वाटली.

जळत होता तो. सरळ सांगायचं तर दिवसरात्र जळत होता. आसारामच्या ओसरीवर बाहेरगावचे पाहुणे जोडी बघायला यायचे, तेव्हा हा बांधावरचं गवत उगीचच उपटत बसायचा. घाटनांदूरच्या बाजारात कुणी विचारलं, "तुमी धर्मापुरीचे? मंजी रुळाच्या जोडीच्या गावचे?" तर हा म्हणाला, "न्हाई, मी परळीचा." एकदा तर त्यानं कहर केला. पोत्याचे तुकडे शिवून चार जोडे केले आणि भल्या पहाटे शेतात नेऊन गुलब्याच्या पायांत बांधायला बसला. पहिले दोन गुलब्यानं निमूट बांधून घेतले. तिसऱ्याला अशी लाथ झाडली की आश्रुबा वरंब्यावर उताणा पडला. हळद लावता लावता बायनाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती.

"हसतीस कावून?"

"न्हाई. इचार करतीया, त्यो गोरा ह्येच्या पाठीवरून हात फिरवाया आला असता तर त्याचं काय झालं असतं."

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि पोळा जवळ यायला लागला तशी गावात कुजबुज सुरू झाली. चन्नप्पाच्या दुकानात आश्रुबा आला की बोलणं थांबायचं. शेवटी बायनाबाईनंच पाणवठ्यावरून बातमी आणली. यंदा मान आसारामच्या जोडीला द्यायचा, असं पंचांच्या मनात आहे. ज्या बैलांनी विलायतेच्या लोकांसाठी रूळ ओढला, ते मागं कसे चालणार?

आश्रुबाच्या पायाखालची जमीन सरकली. आज्याचा मान, बापाचा मान, आणि आपल्या हातानं घालवला? त्यानं खांदेमळणीच्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळली ती रडत रडत. भांडायचं ठरवलं. पाटलाशी भांडायचं, पंचांशी भांडायचं, आणि आसारामनं पाऊल पुढं टाकलं तर त्याचा वेशीतच गळा धरायचा. भाषण पाठ करून ठेवलं.

पोळ्याच्या दिवशी दिवस कलताना सगळ्या जोड्या वेशीबाहेर जमल्या. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं, हलगी कडकडत होती. हरण्या-चांद्यावर त्या लाल झुली होत्या. पाटलानं हात वर केला, हलगी थांबली. "यंदा आसारामनं म्होरं यावं, असं समद्यांचं म्हणनं हाय."

आश्रुबानं छाती भरून श्वास घेतला. पण त्याच्या आधी आसाराम बोलला.

"न्हाई पाटील. ह्ये पाप माज्याकडनं हुनार न्हाई." त्यानं फेटा काढून हातात घेतला. "त्या दिशी जमादारानं इचारलं, तवा माज्या जोडीचं नाव कुणी घेतलं? दादानं. मला आदी वाटलं, दादानं दावा साधला. वाटंनं म्या लई शिव्या दिल्या त्यांना. पन तितं गेलो, मैदान बगितलं, अन् मला उमगलं. दादा रोज चन्नप्पाकडं बातमी आयकायचे. त्यांना ठाव व्हतं ही जोडी कुटं चालली. सोताची आसली नामी जोडी दडवून ठेवली अन् माज्यासारक्या गरिबाचं नाव म्होरं केलं. कोन करतं आसं? सख्खा भाऊ करत न्हाई!" त्यानं आश्रुबाकडं हात केला. "मान दादाचा हाय. माजी जोडी त्यांच्या मागं चालंल."

 म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. चन्नप्पा म्हणाला, "वा, आश्रुबा! आम्हाला कधी कळू दिलं नाहीत!" आणि हलगी वाजायला लागली.

आश्रुबाचं भाषण घशातच राहिलं. एका वाक्याचं काम होतं. म्हणायचं होतं, बाबांनो, मला काही ठाऊक नव्हतं, मी त्याला वेठीला घातला होता. बायनाबाई आरतीचं ताट घेऊन समोरच उभी होती आणि त्याच्याकडं टक लावून बघत होती. त्यानं नजर चुकवली, कासरा ओढला आणि तोरणाखालून निघाला. मागनं टाळ्या पडत होत्या, आणि त्यातल्या किती आपल्याला आणि किती मागच्या लाल झुलींना, हे मान न वळवता तो अजमावत राहिला.

त्या दिवसापासून त्याची जी कोंडी झाली ती झालीच. आसारामवर जळायची सोय राहिली नाही. तो सणावाराला पाया पडायचा, पहिल्या चिकाचा खरवस आणून द्यायचा, सोयऱ्यांना सांगायचा, "ह्ये आमचे दादा." आश्रुबा तो खरवस खायचा आणि आतल्या आत जळायचा, आता तर उघड तोंडही वाकडं करता येत नव्हतं. आज्यानं मिळवलेला मान आता त्याला आसारामकडून मिळत होता.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो स्वतः पाटलाकडं गेला. खाली बसला. मग म्हणाला, "पाटील, यंदा आसारामची जोडी म्होरं जाऊ द्या. माजं मन हाय तसं."

पाटलानं तिथल्या तिथं आसारामला बोलावणं पाठवलं. आसाराम धावत आला, ऐकलं, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बगा पाटील," तो म्हणाला, "म्या सांगितलं व्हतं का न्हाई, दादाचं मन किती मोठं हाय? न्हाई दादा. मी जित्ता हाय तवर म्होरं तुमीच."